पहिली रांग

कोयनानगरच्या पोरांनी काढलेल्या 'भूकंप' या रॉक बँडवर प्रशांतचा भारी जीव. पण आधी ड्रमर फौजेत भरती झाला, मग गायक पुण्याला नोकरीला गेला. दरवेळी नवा गडी आला की प्रशांत कुरकुरायचा, "आता पयल्यासारखी मजा न्हाई." यंदा तर शेवटचा जुना गडी, गिटारवाला आकाराम, बोटं आखडतात म्हणून घरी बसला. साताऱ्याच्या कार्यक्रमाला निघताना प्रशांत बायकोला म्हणाला, "ह्यो शेवटचा. तितं आता आपलं कोण राह्यलंय?" तरी सवयीनं तो पहिल्याच रांगेत जाऊन बसला, तोंड पाडून.

नवी गायिका शिवांजली त्याच्या लेकीच्या वयाची. माइकवर सगळ्यांची ओळख करून देऊन ती म्हणाली, "आमी समदी मागनं आलेली. पयल्या कार्यक्रमापासनं भूकंपात असलेलं एकच माणूस आता उरलंय."

आकाराम परत आला की काय, म्हणून प्रशांत मान उंचावून स्टेजवर शोधू लागला.

"प्रशांतकाका, हिकडं काय शोधताय? उठा की! तुमी पयल्या रांगंत हायसा, म्हणून तर भूकंप अजून हाय."