चौकातली वांगी

चौक देखणा करायचा म्हणून पालिकेच्या साहेबांनी भाजीवाल्या मावशींना तिथून हुसकावलं. मग बाकं आली, कुंड्या आल्या, कारंजंही आलं. पण माणूस काही फिरकेना. आजूबाजूचे दुकानदार माश्या मारत बसले. शेवटी तज्ज्ञांनी निदान केलं, चौकात जिवंतपणा नाही. साहेबांनी मावशींना पगारावर परत बोलावलं.

मावशी हरखल्या. सकाळीच ताजी वांगी घेऊन हजर. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो, याचा कचरा होतो!" असं म्हणत त्यांनी टोपलीत रंगवलेली लाकडी वांगी ओतली. "विकायचं काही नाही. फक्त पूर्वीसारखं ओरडायचं."

मावशींनी अशी काही आरोळी ठोकली की लोक खरंच गोळा झाले. साहेबांनी खुशीत फोटो काढले आणि ते गाडीत बसले.

एका बाईनं वांगी निरखून पाहिली. एकालाही कीड नाही! "कशी दिली, मावशी?"

"ही नुसती बघायची आहेत, ताई," मावशी हळूच म्हणाल्या. "खायची हवीत तर मागच्या बोळात माझी सून बसलीय. पण पळत जा, साहेब तिलाच उठवायला निघालेत."