एकही तक्रार नाही

“तक्रारी कुठायत?” आयएसओ प्रमाणपत्रासाठी माझं वेबसाइटचं काम तपासायला आलेल्या मॅडमनी विचारलं. “एकही नाही,” मी ऐटीत सांगितलं. “मग सुधारणा कुठून होणार? अशानं प्रमाणपत्र नाही मिळत.” मी चिडून रामरावकाकांना फोन लावला. देऊळघाटच्या त्यांच्या रोपवाटिकेची वेबसाइट मीच सांभाळते. त्यांच्याच कामावर माझं ऑफिस चालतं. “काका, अडचण असेल तर स्पष्ट सांगा.” “नाही वो, एकदम झकास!” “खरं सांगा ना!” “आता इचारूनच राह्यली तर... ऑर्डरचं बटन दिवाळीपासून बंद हाये.” “मग सांगितलं का नाही?” “तुहं लेकरू लहान. रातभर जागत असशीन, वरून आमचा तगादा कायले?” “काका, आत्ता करून देते!” “राहू दे पोरी. खामगावच्या एका पोराले कालच काम दिलं. तुले तेवढाच आराम.” मी मॅडमची नजर टाळली. काका विचारत होते, “बाकी, लेकरू काय म्हणते?”