दोऱ्यापलीकडची खिडकी

पणजोबा धान्याच्या पोत्यांचे काटे बनवीत, आजोबा किराणा दुकानांचे, वडील सोनारांचे. पिढीगणिक पारडी लहान होत गेली आणि चूक खपवून घेण्याची सवयही. चौथ्या पिढीत बाईंच्या वाट्याला औषधे तोलण्याचे तराजू आले. ते इतके हळवे, की समोर कोणी सुस्कारा टाकला तरी काटा रुसून बसे. गल्लीत त्यांना काटेवाल्या बाई म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

मागची खोली त्यांनी एका तरुण बाईला महिन्याभरासाठी भाड्याने दिली होती. 'दिवाणखाना सामाईक' असे भाच्याने जाहिरातीत परस्पर लिहून टाकले होते, आणि बाईंचे कामाचे टेबल नेमके दिवाणखान्यात. पाहुणी रोज दहाच्या ठोक्याला तिथे येई, रस्त्याकडची खिडकी सताड उघडून खोकत उभी राही. झुळूक आली की काटा थरथरे, तासाभराची जुळणी पाण्यात जाई. दोन दिवस शब्दाला शब्द वाढला. तिसऱ्या दिवशी बाईंनी टेप घेऊन दिवाणखाना मोजला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरा बांधला. अर्धा तुमचा, अर्धा माझा. बोटभरही फरक नव्हता. खिडकी पाहुणीच्या वाट्याला गेली, हे त्यांच्या ध्यानात आले ते दुसरी गाठ मारून झाल्यावर. बांधलेला दोरा सोडणे त्यांच्या रक्तात नव्हते.

आज पुन्हा दहा वाजले. खिडकी उघडली. काटा हलला.

"खिडकी लावा," बाई म्हणाल्या.

"पाचच मिनिटं."

"तुमच्या पाच मिनिटांत माझी अख्खी सकाळ जाते. हा तराजू उद्या दुपारी औषधवाल्याला द्यायचाय."

पाहुणीने मान वळवली नाही. "दोरा तुम्हीच बांधलात ना, बाई? मग दाखवा की तो वाऱ्याला."

बाई उठल्या. स्वतः घातलेली मर्यादा त्यांनी पदर सावरून ओलांडली आणि खिडकीच्या दाराला हात घातला. समोर इस्पितळाची इमारत. तिसऱ्या मजल्यावर एक परिचारिका काचेशी उभी होती. तिने हात वर धरला होता.

"तीन का चार?" पाहुणीने विचारले. भांडण ती साफ विसरली होती. "मला नीट दिसत नाहीये. तीन का चार हो?"

"तीन," बाई म्हणाल्या. "करंगळी मिटलेली आहे." आणि मग, "कसले तीन?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. पाहुणीचे बाळ दिवस भरण्याआधीच आले होते. पहिल्या काही दिवसांतच त्याने एकशे चाळीस ग्रॅम गमावले. कालपर्यंत त्यातले पन्नास भरून निघाले होते. उरलेले भरले की काचेच्या पेटीतून बाहेर काढू, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आईला खोकला, म्हणून वॉर्डात पाऊल टाकायची बंदी. तिथे फोनही चालत नसत. दहाला बाळाचे वजन होई आणि परिचारिका बोटे दाखवी, दहा ग्रॅमला एक. बाईंच्या खिडकीची काच रेघारेघांची. ती उघडल्याशिवाय पलीकडचे काही दिसत नसे.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" बाईंच्या तोंडचे 'तुम्ही' कधी गळाले, ते त्यांनाही कळले नाही.

"आई म्हणायची, बाळाचं वजन चारचौघांत सांगू नये."

"तिचं बरोबर आहे. पण मी चारचौघांतली नव्हे. माझा जन्म वजनं करण्यात गेला."

बाईंनी कात्री घेऊन दोरा कापला आणि त्याच दोऱ्याने खिडकीचे दार कडीला बांधले, म्हणजे ते वाऱ्याने आपटायला नको. औषधवाल्याचा तराजू त्यांनी त्याच्या पेटीत बंद केला आणि एक दिवस उशीर होईल असा निरोप धाडला. चार पिढ्यांतला हा पहिला उशीर. मग कपाटातून वडिलांचा सोनारी तराजू काढला. डाव्या पारड्यात एकशे चाळीस ग्रॅम ठेवले, उजव्यात पन्नास, आणि चिमट्याने दहा-दहाची तीन वजने.

डावे पारडे टेबलाला टेकलेलेच राहिले.

"अजून साठ," बाई म्हणाल्या. "खुर्ची आण. उभ्याने किती वेळ बघणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी दोन बोटे. तिसऱ्या दिवशी परिचारिकेने मूठ मिटूनच हात वर केला. पाहुणी खोलीत गेली आणि दार लावून बसली. एरवी काम थांबले की बाईंनी तराजूवर फडके टाकले असते; त्या दिवशी टाकले नाही. चहाचा कप मात्र दाराशी ठेवला, आणि दारावर दोनदा बोट वाजवले.

चौथ्या दिवशी दोघी पावणेदहापासून खिडकीत होत्या. दहा वाजून गेले. सव्वादहा झाले. मग काचेमागे हात दिसला.

"चार," बाई म्हणाल्या. "मोज तूही. करंगळीसकट."

वजने ठेवायला त्यांनी पाहुणीलाच सांगितले. चिमटा दोनदा निसटला. एक, दोन, तीन. चौथे पडले तसे डावे पारडे टेबलावरून उठले, उजवे खाली आले, आणि दोन्ही पारडी समोरासमोर येऊन झुलू लागली. खिडकीतून वारा येत होता. काटा मध्यावर थांबायचे नाव घेईना.

पाहुणीने डोळे पुसले. "खिडकी लावू का, बाई?"

"राहू दे," काटेवाल्या बाई म्हणाल्या. "जुनं देणं पुरतं फेडलंय बाळानं. आता झुलू दे जरा."