बोक्याचं छप्पर

गुडघे टेकून, डोकं आणि एक हात अंगणातल्या बोक्याच्या नव्या घरात घालून ती थर्मामीटर वाचत होती. शेजारी बोका हे सगळं आपल्यासाठी चाललंय याची पूर्ण कल्पना असल्यासारखा पाय पसरून पडला होता.

"काय म्हणतंय हवामान?" नवऱ्याने पायरीवरून विचारलं.

"भर दुपारी बाहेरच्यापेक्षा नऊ अंश कमी."

"मग उद्यापासून मीच तिथे झोपतो. त्याला माझ्या पलंगावर घाल."

बोका हा कुत्रा होता. पिल्लू असताना मांजरासारखा कुंपणाच्या भिंतीवरून चालायचा, तेव्हा पडलेलं नाव. मागच्या उन्हाळ्यात तो जवळजवळ गेलाच होता. सकाळी सावली बघून तिने त्याला बांधलं आणि ती कामावर गेली. संध्याकाळी तो कुशीवर पडलेला होता, डोळे उघडे, हाक मारली तरी कान हलेना. डॉक्टरांनी त्याच्या अंगावर पाणी सोडता सोडता फक्त एवढंच विचारलं, "बाई, सावली सरकते हे ठाऊक नव्हतं का तुम्हाला?"

ती रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. कोणता पृष्ठभाग किती ऊन शोषतो हे मोजण्याचाच तिला पगार मिळायचा. तो प्रश्न वर्षभर तिच्या घशात अडकून होता.

म्हणून यंदा तिने काही बाकी ठेवलं नाही. बोक्याचं घर विटांवर उचललं, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून. कडेला गुंडाळून ठेवता येईल अशी ताडपत्री. वर दुहेरी छप्पर, मध्ये हवा खेळायला बोटभर फट, आणि सगळ्यात वर आरशासारखा चकचकीत पत्रा, गल्लीच्या बाजूला चांगला तीव्र उतार देऊन.

"त्याने काय होतं?" नवऱ्याने विचारलं होतं.

"ऊन परत जातं."

"कुठे?"

"आलं तिथे." तिच्या तोंडात खिळे होते. जास्त बोलण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती.

एकच गोष्ट तिला खुपत होती. गल्लीच्या पलीकडे ड्रायव्हरदादांचं घर. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांची आजारी आई असायची. त्या खोलीची खिडकी कायम सताड उघडी. पण छप्पर बसलं आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या खिडकीला आतून जाड सतरंजी लागली. कुत्रा आता इथे कायमचा राहणार हे दिसलं, म्हणून तोंड फिरवलं. तिने असा अर्थ लावला.

"ऊन लागत असेल त्यांना," नवरा म्हणाला.

"उत्तरेची खिडकी आहे ती, वर छज्जा. तिथे वर्षभर उन्हाचा ठिपका पडत नाही." ती हसली. "राग आहे तो, दुसरं काही नाही. एका मुक्या जनावराला सावली मिळाली, तेही बघवत नाही लोकांना."

बोका मात्र चमत्कारिक वागत होता. पूर्वी दुपारी तो मान वर करून शेपटी हलवत बसायचा. छज्ज्यावरची कबुतरं बघतो, असं ती समजायची. आता तो वर बघायचा, थोडा वेळ थांबायचा आणि पुन्हा खाली मान घालायचा. कबुतरं तर होती तिथेच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिला राहवलं नाही. ती सरळ जिना चढून गेली. दार ड्रायव्हरदादांनीच उघडलं.

"दादा, बोक्याचा त्रास होत असेल तर तोंडावर सांगा. खिडक्या कशाला झाकता?"

"त्रास?" ते गडबडले. "छे हो ताई. या ना, आत या. उभ्या का?"

खोलीत अंधार होता आणि कोंडलेला उकाडा. खिडकीला लागून पलंग, पलंगावर चादरीइतकीच पातळ झालेली म्हातारी. तोंड खिडकीकडे, म्हणजे सतरंजीकडे. सतरंजीची एक कड सुटली होती आणि तेवढ्या फटीतून पांढरा, जळजळीत पट्टा आत घुसून म्हातारीच्या उशीवर पडला होता. तो वरून येत नव्हता. खालून येत होता.

तिने फटीतून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. डोक्यावरचा सूर्य, पत्र्याचा उतार, ही खिडकी. शाळेतल्या मुलाला कागदावर काढता आली असती ती रेघ.

"सांगायचं ना मला," ती कशीबशी म्हणाली.

"कसं सांगणार, ताई? रात्री दिवा लावून पत्रे ठोकताना बघितलंय तुम्हाला." ड्रायव्हरदादा हळू आवाजात म्हणाले. "दिवसभर बोकाच एक सोबती होता हिचा. आता दिसेना, तर रोज विचारायची. कानाने अधू, भुंकणं काही ऐकू येत नाही. मग मीच सांगून टाकलं, थंड गावी पाठवलाय म्हणून."

म्हातारीने मान वळवली. "कोण गं? बोक्याची आई का?"

तिने नुसती मान हलवली.

म्हातारीने चाचपडत तिचा हात धरला. "बरं केलंस हो, त्याला पाठवलंस ते. यंदाचं ऊन काही खरं नाही. या खिडकीत जन्मात कधी आलं नव्हतं."