टाक्याची गाठ

फीत कापून झाली, टाळ्याही वाजल्या, तरी थकलेले डॉ. धारप दारातून हलेनात. हे ऑपरेशन थिएटर त्यांच्याच देणगीतून उभं राहिलेलं. लशींची कंपनी काढल्यापासून त्यांनी स्वतः मात्र एकही ऑपरेशन केलं नव्हतं. नुसत्या फिती कापल्या होत्या.

लोंबणारी दोन्ही टोकं त्यांनी उचलली आणि बोटांनी आपसूक टाक्याची गाठ मारली. टोकं ताणून धरत ते म्हणाले, "कट."

"सर, आत्ताच कापलीत की," हॉस्पिटलचा मॅनेजर कुजबुजला.

तबक धरलेल्या सिस्टर लोबो कधीकाळी डॉक्टरांच्याच ऑपरेशन टेबलाशी उभ्या राहत. त्यांनी कात्री घेतली आणि टाक्याचा दोरा छाटावा तशी गाठीवरची टोकं छाटली.

"पुढचा पेशंट घेऊ, सर?"

डॉक्टरांनी गेटाशी थांबलेल्या गाडीकडे पाहिलं.

"पेशंट कुठले आता, सिस्टर. पुढची फीत आहे."