पोर्ट सात, टाकीघर

"हा नको," अंकुश म्हणाला. "दुसरा बघ."

बोईसरला भावेशच्या भंगाराच्या गाळ्यात दोघं जमिनीवर बसले होते. समोर बंद पडलेल्या कंपन्यांमधून आलेले अकरा जुने राउटर. रुचिताला त्यातले दोन निवडायचे होते. नेटवर्किंगच्या परीक्षेला नुसतं पुस्तक वाचून भागत नाही, हात चालवावा लागतो, आणि नवे राउटर घेण्याची तिची ऐपत नव्हती. एक तिनं मघाशीच बाजूला काढला होता. दुसरा हा, आणि तिच्या क्लासचे अंकुश सर नेमके यालाच नाक मुरडत होते.

"का नको? पोर्ट सगळे शाबूत हायत. पंखापण आवाज करत नाय." तिनं राउटर उलटा केला. तळाला कंपनीच्या नावाची चिठ्ठी होती. ती रुचितानं दोनदा वाचली. "सर, ही माझ्या बाबांची कंपनी. मग हाच घेते. त्यांच्या तिथलं कायतरी घरात राहील."

अंकुशनं ती चिठ्ठी लांबूनच ओळखली होती. अक्षर त्याचंच होतं.

चार वर्षांपूर्वी तो सहा महिने त्या कंपनीत कंत्राटावर होता. एका रविवारी सकाळी टाकीघराकडची केबल बदलायची म्हणून त्यानं राउटरमधला तिथल्या फोनचा पोर्ट बंद केला आणि सवयीनं सेव्ह केलं. काम आटोपल्यावर पोर्ट उघडला. टाकीघरातून पुंडलिककाकांनी, म्हणजे रुचिताच्या बाबांनी, फोन करून सांगितलं, "लागला रे बाबा." अंकुश डबा उचलून वाणगावला घरी गेला. दुपारी लाइट गेली, आली. तीनच्या सुमाराला टाकीतून विषारी वायू गळला आणि पुंडलिककाका त्यात गेले. टाकीघरातून एकही फोन आला नाही, म्हणजे माणूस झोपला असणार, असं कंपनीनं चौकशीत लिहून टाकलं. गावानंही तेच धरून ठेवलं. कंपनीला त्याच संध्याकाळी सील लागलं, त्यामुळे पोर्ट उघडल्यावर आपण पुन्हा सेव्ह केलं होतं की नाही, हे अंकुशला कधी बघता आलं नाही.

केलंच असेल, असं तो स्वतःला रोज सांगायचा. आता पालघरला क्लासमध्ये शिकवताना तो प्रत्येक गोष्ट दोनदा सेव्ह करतो, आणि मुलं त्याची टिंगल करतात. रुचितासाठी तो क्लास सुटल्यावरही थांबतो. आपण तिच्या बाबांच्या कंपनीत होतो, हे मात्र त्यानं तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, सर फार चांगले आहेत.

"याला पासवर्ड असेल," तो म्हणाला.

"तो चुकवून आत कसं जायचं ते तुमीच शिकवलंत की." तिनं निळी केबल लॅपटॉपला जोडलीसुद्धा.

"ताई, आतलं सगळं पुसून न्या हां," भावेश वजनकाट्याजवळून ओरडला. "मागाहून कोण विचारायला नको."

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. इथे तर भर दुपारचे बारा वाजले होते. रुचितानं राउटरमध्ये सेव्ह असलेली यादी उघडली. वरच्या ओळी झरझर निघून गेल्या आणि ती मधूनच वाचायला लागली. "पोर्ट पाच, वजनकाटा. पोर्ट सहा, कॅन्टीन. पोर्ट सात, टाकीघर फोन." ती थांबली. "सर, याच्याखाली शटडाउन लिवलंय. म्हंजे बंदच ना?"

"हो."

चार वर्षं जे बघायचं राहिलं होतं ते समोर होतं. खरं काय ते कळलं की सुटू, असं त्याला वाटायचं. तो सुटला नाही.

रुचिता पडद्याकडे बघत बोटांवर एकेक गोष्ट मोजत होती. "लाइट गेली की सेव्ह केलेलं तेवढंच उरतं. कालच सांगितलंत तुमी. आणि त्या दिवशी दुपारी लाइट गेलेली, आमच्याकडंपण." तिनं पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट टेकवलं. "सर, फोन लागतच नव्हता. बाबा झोपले नव्हते!"

ती उठली आणि मोबाइल कानाला लावून गाळ्याबाहेर पळाली.

अंकुशनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला. पुसायचा हुकूम त्यानं टाइप केला. सगळं जाईल, नक्की ना, असं राउटरनं विचारलं. आता एकदा एंटर दाबलं की संपलं. भावेशनंही पुसायलाच सांगितलं होतं, आणि रुचितानं साधा फोटोही काढला नव्हता.

बाहेरून तिचा आवाज येत होता. "आय, ऐक ना! बाबा जागे होते. होय ग, मशीनमधीच लिवलंय. कुणीतरी फोन बंद ठेवलेला." ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

यादीच्या अगदी वर तारीख होती, वेळ होती आणि शेवटचा बदल कोणी सेव्ह केला त्याचं नाव होतं. ते स्वतःचं नाव पुसलं तर पुंडलिककाकांचं जागं असणंही पुसलं जाणार होतं. नुसतं स्वतःपुरतं पुसायची सोय नव्हती. अंकुशला आपलीच किळस आली. त्यानं हुकूम मागे घेतला आणि यादी वरपर्यंत सरकवली.

रुचिता डोळे पुसत आत आली. चार वर्षांत तिचा चेहरा असा उजळलेला कुणी पाहिला नसेल.

"सर, आय म्हनते, सरांना तसंच जेवायला घेऊन ये. नाय म्हनू नका हां."

अंकुशनं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"आधी पहिली ओळ वाच," तो म्हणाला. "मोठ्यानं वाच."