आणि याद्विगाला?

"उद्या कामावर परत आल्या तर इटालियन बायकांना पगारवाढ मिळेल. पोलिश बायकांना नाही. तुझ्या बायकांना तुमच्या भाषेत सांग," गिरणीचा मॅनेजर इंग्रजी येणाऱ्या इटालियन रोझारियाला म्हणाला.

अमेरिकेतल्या त्या कापडगिरणीत १९१२च्या हिवाळ्यात संप चालू होता. फाटकाबाहेर बर्फात इटालियन बायका उभ्या होत्या, रस्त्यापलीकडे पोलिश.

रोझारियानं निरोप सांगितला. घरोघरी पोरं अर्धपोटी होती. बायका फाटकाकडे बघू लागल्या.

"आणि याद्विगाला?" म्हाताऱ्या कोंचेत्तानं विचारलं. याद्विगा तिच्या शेजारच्या मागावरची पोलिश बाई. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कोंचेत्ता आजारी असताना याद्विगानं दोघींचे माग सांभाळले होते.

"तिला काही नाही."

कोंचेत्ता रस्ता ओलांडून गेली आणि याद्विगाचा हात धरून उभी राहिली. मग एकेक करत साऱ्या इटालियन बायका पलीकडे गेल्या. काय झालं ते याद्विगाला कळेना. कोंचेत्तानं आपली शाल दोघींच्या खांद्यांवर ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरनं रोझारियाला पुन्हा बोलावलं. आता वाढ सगळ्यांना होती.

"साहेब, हे बाहेर येऊन तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."